खानापूरचं जुनं रान, तोड आणि बंद फाटक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी बेळगावहून खानापूरच्या बाजूला चालायला जाणारी आमची एक लहानशी टोळी आहे. जांबोटीच्या टपरीवर चहा घेताना नवी माणसं तेच तेच प्रश्न विचारतात आणि उत्तर अर्ध्यावर असताना बस येते. म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. मी वकील नाही, वनखात्यातलाही नाही. पंचवीसेक वर्षं या रानात पाय झिजवलेत, एवढंच.

झाडं तोडायला परवानगी मिळते आणि आपल्याला नुसतं चालायला मिळत नाही. असं का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि येतो तोही चिडूनच.

खानापूर तालुक्यातलं भीमगडचं रान डिसेंबर 2011 मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर. अभयारण्यात पाय ठेवायचा तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मधलं कलम 27 आडवं येतं. कामावरचा सरकारी माणूस, आत ज्याची जमीनजुमला आहे तो, त्याच्या घरची माणसं, सार्वजनिक रस्त्यानं पलीकडं जाणारा आणि परवाना असलेला, एवढ्यांनाच मोकळीक. परवान्याची कारणं कलम 28 मध्ये दिली आहेत: अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्यांशी रीतसर व्यवहार. म्हणजे पर्यटन हे कारण कायद्याला चालतं. पण द्यायचं की नाही, हे अधिकाऱ्याच्या हातात.

तोडीची वाट वेगळी. रस्ता, रेल्वे, वीजवाहिनी, कालवा हे 'प्रकल्प' असतात. त्यांना 1980 च्या वन संरक्षण कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते, अभयारण्य असेल तर वन्यजीव मंडळाचीही. वर्षं जातात, पण फाइल सरकत राहते, कारण तिच्यामागं बैठका असतात, ठेकेदार असतो, खासदाराचं पत्र असतं. चालणाऱ्याच्या नावाची फाइलच नसते, मग सरकणार काय?

त्यात 2023 ची दुरुस्ती आली. वन व्यवस्थापन आराखड्यात असलेली इको-टूरिझमची कामं आता 'बिगर-वन वापर' धरली जात नाहीत. म्हणजे आराखड्यात बसलेली पर्यटनाची सोय सुटसुटीत झाली, आणि पाठीवर पिशवी टाकून चार माणसं निघाली तर ती मात्र अजून परवान्याच्या रांगेत. मला हे उलटं वाटतं.

'जुनं रान' म्हणजे नेमकं कुठलं? सगळंच तर हिरवं दिसतं.

पावसाळ्यात सगळंच हिरवं दिसतं, लागवडीचं अकेशियासुद्धा. मार्चमध्ये या, मग फरक कळेल.

कणकुंबी, चिगुळे, पारवाडच्या बाजूला वरच्या अंगाचं रान हे जांभूळ, अंजनी आणि पिशाचं. सदाहरित, बुटकंसं, पण इतकं गच्च की आत शिरलं की मोबाइलचा उजेड आपोआप कमी होतो. खाली उतरत गेलं की ऐन, किंजळ, नाणा, हिरडा लागतात. ऐनाच्या सालीवर मगरीच्या पाठीसारखे चौकोन असतात. नाण्याची साल गुळगुळीत, पापुद्रे सुटलेली, हात फिरवावासा वाटावा अशी. जुन्या रानात एकाच जागी आज्जा, बाप, नातू सगळे उभे असतात: सरळ गेलेला बुंधा, त्याच्या खांद्यावर वाढणारा दुसरा, पायाशी रोपं, आणि मधेच पडून कुजत चाललेलं खोड. लागवडीत हे दिसत नाही. तिथं सगळे एकाच इयत्तेतले.

कुजकं खोड बघून लोक म्हणतात, "हे तरी न्यायचं की." तेच न्यायचं नसतं. महाधनेशाचं घरटं जुन्या मोठ्या झाडाच्या ढोलीत असतं. मादी आत बसते, तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि नर तिला आठवडेच्या आठवडे उंबर-वडाची फळं आणून घालतो. एवढ्या पक्ष्याला मावेल अशी ढोली तीस-चाळीस वर्षांच्या झाडाला नसते. झाड गेलं की त्या जोडीनं पुढं कुठं जायचं?

गावच्या देवराया हा जुन्या रानाचाच तुकडा. एका राईत आम्ही बुंध्याभोवती हात धरून उभे राहिलो होतो. चार जण कमी पडले. पाचवी माझी भाची, वय सात, तिनं दोन हातांतली फट भरून काढली. मग गुरवमामांनी सांगितलं, "बास झालं, पाया पडा आणि चपला घाला."

मग बाकीचं जुनं रान गेलं कुठं?

बरंचसं आपल्या आजोबांच्या काळातच गेलं. 1880 च्या दशकात मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग आला आणि इकडून लोंढ्याशी जोडला गेला. रुळांखाली लाकडी स्लीपर आणि पावसाचं घाटरान, दोन्ही एका जागी आल्यावर काय होणार? अळणावरहून दांडेलीला गेलेला फाटा तर लाकूड वाहण्यासाठीच टाकलेला. दांडेलीच्या लाकूड डेपोतले लिलाव अजूनही प्रसिद्ध आहेत. 1950 च्या दशकात दांडेलीत कागद कारखाना उभा राहिला आणि जोयडा भागातल्या बांबूला नवं गिऱ्हाईक मिळालं.

लाकडाची ही भूक शेजारच्या जिल्ह्यात इतकी वाढली की सप्टेंबर 1983 मध्ये शिरसी तालुक्यातल्या साळकणीच्या लोकांनी झाडांना मिठ्या मारून तोड अडवली. तेच अप्पिको आंदोलन. कन्नडमध्ये 'अप्पिको' म्हणजे मिठी मारणे. पुढं 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की कागदावर मालक कुणीही असो, शब्दकोशातल्या अर्थानं जे वन आहे त्याला 1980 चा कायदा लागू, आणि मंजूर कार्ययोजनेबाहेर तोड नाही. बऱ्याच ठिकाणच्या सॉ मिलना त्यानंतर टाळं लागलं.

आमच्या ओळखीचे एक तात्या तरुणपणी कुपात कामाला जायचे. कूप म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला रानाचा तुकडा. ते सांगतात, झाडावर हातोड्यानं शिक्का मारलेला असायचा. बुंध्याला एक आणि तोडल्यावर राहणाऱ्या थोटावर एक. "थोटावरचा शिक्का साहेबाला दाखवायचा, मग मजुरी." दोन आण्यांचा हिशेब त्यांना अजून तोंडपाठ आहे. झाडांची नावं तर आहेतच.

आपण ज्या वाटांनी चालतो त्या कुणी पाडल्या?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मीच घातलाय.

काही वाटा गावागावांतल्या आहेत. बाजाराला, सोयरिकीला, गोव्यात उतरायला. पण चारचाकी मावेल एवढ्या रुंद, चढ बेतानं घेणाऱ्या, वळणावर दगडी बांध असलेल्या ज्या वाटा आपल्याला 'मस्त ट्रेल' वाटतात, त्यातल्या बऱ्याच लाकूड ओढायला केलेल्या आहेत. ओंडक्याला तीव्र उतार चालत नाही, बैलालाही नाही. म्हणून चालणाऱ्याला त्या सुखाच्या वाटतात. तोड थांबली, गाड्या थांबल्या, मधोमध कारवी उगवली आणि आपण फोटो काढायला लागलो. माझी आवडती एक वाट आहे. तिच्या दोन्ही अंगांना अजून थोटं दिसतात, शेवाळ चढलेली. त्या वाटेचा आनंद फुकटचा नाही, एवढं डोक्यात असावं.

आता तोड नेमकी कशासाठी होते?

लाकडासाठी क्वचित. चोरतोड असते, सागवान आणि शिसवीची, पण ती लहान. मोठी तोड 'जाण्या-येण्यासाठी' होते.

बेळगाव–खानापूर रस्ता घ्या. लहानपणी बसच्या खिडकीतून हात बाहेर काढला की आई ओरडायची, कारण आंब्या-वडाच्या फांद्या खरंच हाताला लागायच्या. रुंदीकरणात ती कमान गेली. रस्ता चांगला झाला, मी त्याच रस्त्यानं जातो, आणि दर वेळी खिडकीबाहेर बघतो. दोन्ही खरं आहे.

रेल्वेचं प्रकरण जास्त शिकवणारं आहे. तिनईघाट–कॅसलरॉक–कुळे हा घाटातला टप्पा दुहेरी करायचा होता. गोव्याच्या मोल्लेत 2020 पासून लोक रस्त्यावर आले. न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीनं एप्रिल 2021 मध्ये दुहेरीकरणाविरुद्ध शिफारस केली, आणि 9 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची मंजुरी रद्द केली. इथं लक्षात घेण्याजोगं असं, की आंदोलनात पुढं असलेल्या तरुणांतले पुष्कळ जण त्या रानात फिरलेले होते, चित्रं काढणारे, बेडूक-फुलपाखरं बघणारे. ज्यांनी रान पाहिलंय ते त्याच्यासाठी बोलले. दार बंद ठेवून बोलणारे तयार होत नाहीत.

याखेरीज नरेंद्र–शेल्डे ही 400 केव्हीची वीजवाहिनी आहे, आणि कळसा-भांडुरा आहे. म्हादई लवादानं ऑगस्ट 2018 मध्ये कर्नाटकाला दिलेल्या 13.42 टीएमसीपैकी 3.9 टीएमसी या दोन नाल्यांतून मलप्रभेत वळवायचं. कणकुंबीत जाऊन मलप्रभेचा उगम बघा, शेजारी खणलेला कालवाही बघा, आणि मग मत बनवा. हुबळी-धारवाडला पाणी लागतंच. त्या बाजूच्या माणसाशी चहा पिताना हे विसरून चालत नाही.

तोडीच्या बदल्यात झाडं लावतात ना?

लावतात. आजवर बरंचसं अकेशियाच लावलं. रोपांची संख्या जुळते, रानाची जुळत नाही.

भीमगडावर जाता येतं का? वज्रपोहा? बारापेडे?

परवान्याशिवाय नाही. किल्ला अभयारण्यात आहे, शिवकाळातला आहे, आणि 'महाराजांच्या किल्ल्यावर आम्हाला कोण अडवणार' हे वाक्य नाक्यावर बोलून काही मिळत नाही. मी बोलून बघितलंय, विशीत असताना.

वज्रपोहा धबधबा म्हादईवर, जांबोटी-गवाळीच्या बाजूला. पावसाळ्यात तिथं निसरडं, धुकं, जळवा आणि वाट चुकण्याची सोय, सगळं एकदम मिळतं. परवानगी असेल तर गावातला वाटाड्या घेऊनच.

बारापेडेच्या गुहेत जाऊच नका, परवाना मिळाला तरी. कृष्णापूर-तळेवाडीच्या मधली ही गुहा रॉटनच्या वटवाघळाचं घर. 1913 मध्ये शास्त्रात नोंदलेली ही जात पुढं कित्येक दशकं जगात फक्त इथंच ठाऊक होती. मेघालय आणि कंबोडियात सापडली ती फार नंतर. दहा जणांनी टॉर्च मारला आणि वटवाघळांनी जागा सोडली, तर 'सॉरी' कुणाला म्हणणार?

हेम्माडग्याजवळ सरकारी पर्यटन कंपनीचं निसर्ग शिबिर आहे. तिथं पैसे भरून राहता येतं.

परवानगी मागायची कशी?

साध्या कागदावर अर्ज, विभागीय वनाधिकाऱ्यांच्या नावे, प्रत खानापूरच्या संबंधित वलयाच्या (रेंजच्या) आरएफओंना, म्हणजे वनक्षेत्रपालांना. माणसं किती, ओळखपत्रांच्या प्रती, तारीख, जायची आणि परतायची वाट, कारण. पंधरा दिवस तरी आधी द्या आणि पोचपावती घ्या. अर्ज कन्नडमध्ये असेल तर काम हलतं, हा अनुभव. स्वाभिमान घरी ठेवा असं मी म्हणत नाही, पण मित्राकडून कन्नडमध्ये लिहून घ्या आणि खाली सही मराठीत करा. मी तसंच करतो.

राज्यातल्या काही ट्रेकना 2024 पासून ऑनलाइन बुकिंग आलंय. जानेवारी 2024 मध्ये कुमार पर्वतावर हजारोंची रांग लागली, व्हिडिओ फिरले आणि सरकारनं आधी ट्रेक थांबवले, मग बुकिंग लावलं. संख्या ठरवून आत सोडणं, याला माझा विरोध नाही. सरसकट फाटक बंद करण्याला आहे.

चालणारे तरी कुठं धुतल्या तांदळासारखे आहेत?

नाहीत. जुलैच्या रविवारी चोर्ला घाटात थांबून बघा. बाटल्या, स्पीकर, वडापावचे कागद, आणि रस्त्याच्या कडेला नाचणारी टोळकी. महाधनेशाचा विणीचा काळ उन्हाळ्यातला, नेमका लोक 'पक्षी दाखवा' म्हणून येतात तेव्हाचा. ढोलीखाली कॅमेरे लावून बसलं की नर फळ घेऊन येतो, बसत नाही, परत जातो. आत मादी आणि पिल्लू उपाशी.

एकदा एका नाक्यावर मी हुज्जत घालत होतो.

"मामा, नुसतं बघून येतो की."

"बघून काय येता सर? मागल्या रविवारी बघायला गेलेली तीन पोरं वाट चुकली. रात्री अकरापर्यंत आम्ही बॅटऱ्या घेऊन हिंडलो. घरी पोरगीचा वाढदिवस होता माझ्या."

त्यांच्या टेबलावर वही होती, दोऱ्यानं बांधलेलं पेन होतं आणि झाकण घातलेला डबा होता, न उघडलेला. मी परत फिरलो. नियम चुकीचा असू शकतो, पण फाटकावरचा माणूस तो नियम करत नाही.

आतल्या गावांचं काय? त्यांना ट्रेकर हवेत की नकोत?

इथं आपलं भांडण लहान पडतं.

गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव, देगाव, तळेवाडी, कृष्णापूर, मेंडील. माणसं मराठी बोलणारी, पिढ्यान्‌पिढ्या तिथली. पावसाळ्यात पूल नाही, रस्ता नाही. आजारी माणसाला खांद्यावरून चिखलातून आणावं लागतं. रस्ता मागितला की अभयारण्य आडवं येतं. आपण शहरात बसून 'एकही झाड नको तोडायला' म्हणतो, तेव्हा बाळंतपणाला निघालेल्या बाईला काय सांगतोय, हे एकदा मोठ्यानं बोलून बघावं.

खरं तर कायद्यात वाट आहे. वन हक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) नुसार रस्ता, शाळा, दवाखाना, पाणी अशा तेरा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीनं एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं न तोडता. महामार्गाला हजारो झाडं आणि गावाच्या रस्त्याला 75 ची अट, तरी दुसरं जास्त रखडतं.

पुनर्वसनाचा दुसरा रस्ता आहे: कुटुंबाला 15 लाख आणि बाहेर या. तळेवाडीच्या कुटुंबांनी तो स्वीकारला. इतर गावांत मतं दुभंगलेली आहेत, कधी एकाच घरात. तरुणाला पोरांची शाळा दिसते, आज्जीला कुलदैवत. या निर्णयात ट्रेकरनं तोंड घालू नये. मात्र एवढं विचारावं, की माणसं उठवून रिकाम्या झालेल्या रानात उद्या रिसॉर्ट येणार नाही ना?

परदेशात असाच वाद आहे म्हणतात. तिथं कसं मिटलं?

मिटलेलं नाही, पण कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाची गोष्ट उपयोगी आहे. तिथं लाकूडतोड हाच मोठा धंदा, आणि शेकडो वर्षांची झाडं बघायला जायचं तर कंपन्यांनी केलेल्या तोडरस्त्यांवरूनच. तोड संपली की रस्ता बंद, पूल काढलेला. म्हणजे तोड आहे तोवर वाट आहे, पण झाड नाही; तोड नाही तर झाड आहे, पण वाट नाही. आपल्या कुपाच्या वाटांसारखंच.

पोर्ट रेनफ्रू नावाचं तिथलं तोडवाल्यांचं लहान गाव. 2009 मध्ये जवळच प्रचंड झाडांची एक राई लोकांच्या नजरेस आली, 2012 मध्ये तिला संरक्षण मिळालं, स्वयंसेवकांनी मुळं तुडवली जाऊ नयेत म्हणून लाकडी पायवाट घातली. माणसं बघायला येऊ लागली, खाणावळी चालू लागल्या. डिसेंबर 2015 मध्ये त्या गावच्या व्यापारी मंडळानंच जवळच्या वॉल्ब्रन खोऱ्यातली तोड थांबवा अशी मागणी केली. ज्यांच्या बापांनी करवती चालवल्या, त्यांनी.

पण तिथंच 2020-21 मध्ये फेअरी क्रीकला तोड अडवणाऱ्या अकराशेहून जास्त लोकांना अटक झाली, आणि त्या भूमीचे मूळ मालक असलेल्या पचीडाट समाजाच्या नेत्यांनी बाहेरून आलेल्या आंदोलकांना 'आमच्या जमिनीचं आम्ही बघू' असंही बजावलं. त्यांच्यातल्याच एका वडीलधाऱ्यांनी मात्र आंदोलकांना साथ दिली. आमगाव-गवाळीचं घर आठवतंय ना, मतं दुभंगलेलं? तसंच.

मग ट्रेकिंगच्या पैशानं खानापूरचं रान वाचेल?

पैशानं वाचेल असं मला वाटत नाही. कालव्याच्या ठेक्यापुढं वाटाड्याची मजुरी किती टिकणार? पण साक्षीदारांनी वाचू शकतं. महिन्यातून दोनदा तीच वाट चालणाऱ्याला नवं थोट लगेच दिसतं. म्हणून माझी मागणी साधी आहे: आतल्या गावांतली पोरं वाटाड्ये, दिवसाला ठरावीक माणसं, विणीच्या काळात ढोल्यांच्या वाटा बंद, पावसाळ्यात धबधबे बंद, आणि बाकी वेळ फाटक उघडं. पैसे ग्रामसमितीकडं.

चालताना ताजी तोड दिसली तर काय करायचं?

वीरपणा नको. तोडणाऱ्यांशी बोलू नका, लांबून फोटो, ठिकाणाचा पिन, वेळ. थोटावर हातोड्याचा शिक्का आहे का बघा. असेल तर बहुतेक रीतसर, नसेल तर वनखात्याच्या 1926 क्रमांकावर कळवा. रीतसर वाटली तरी मंजुरी कशाची होती हे माहिती अधिकारात विचारता येतं, उत्तर तीस दिवसांत अपेक्षित. केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर प्रकल्पांचे वनप्रस्तावही सापडतात, झाडांच्या आकड्यांसह. रविवारी पाय दुखत असतील तेव्हा ते वाचत बसा. रानाइतकंच दाट आहे.

कुत्रा आणू का? ड्रोन? चूल पेटवली तर?

नको. नको. आणि चूल अजिबात नको. अभयारण्यात आग लावणं कलम 30 खाली गुन्हा आहे. डबा आणा. भाकरी-चटणी थंडही छान लागते.

फलक कन्नडमध्ये असतात. वाचता आले नाहीत म्हणून आत गेलो, तर चालेल का?

चालणार नाही, आणि हे कारण नाक्यावरच्यांनी शंभरदा ऐकलंय. फलक मराठीतही हवेत हे माझंही म्हणणं आहे, तसा अर्जही दिलाय. तोवर तीन शब्द पाठ करा. 'अरण्य इलाखे' म्हणजे वनखातं. 'एच्चरिके' म्हणजे सावधान. आणि 'प्रवेश निषेधिसलागिदे' दिसलं की पाठ फिरवून जांबोटीला या. टपरी सात वाजेपर्यंत उघडी असते.